बाबांचे गोटीपाने आणि दादाचं ज्ञान

बाबा गेल्यावर मुर्धा गावातलं त्यांचं गॅरेज बिल्डरकडे गेलं आणि गॅरेजमधली लोखंडी पेटी माझ्या आणि आईच्या घरी आली. दादाच्या मीरा रोडच्या फ्लॅटमध्ये इटालियन टाइल्स आहेत, तिथे ग्रीसचे डाग कसे चालतील?

पेटीत गोटीपाने होते. नटावर बसणाऱ्या गोट्या, त्या फिरवायचे दांडे, हात पोचत नसेल तर मध्ये लावायची एक्स्टेन्शन्स. बाबांनी जन्मभर ट्रक दुरुस्त केले, तेव्हा हे असणारच. पण तळाशी दोन वस्तू अशा निघाल्या की त्या कशाच्या ते कळेना. एका एक्स्टेन्शनचं चौकोनी टोक गळ्याशी बारीक होऊन गोलसर झालं होतं. दुसऱ्या तुकड्याला वर दांडा बसवायचं चौकोनी भोक, आणि खाली गोटीच्या जागी जाडजूड रुंद पातं.

दादा बँकेतून निवृत्त झालाय. त्याला सगळं माहीत असतं. त्यासाठी त्याला वस्तू नीट बघावीही लागत नाही. फोटो पाठवला तर लगेच त्याचा फोन आला.

"ते गोल टोक झिजलंय. भंगारात टाक. आणि पातं म्हणजे छिन्नी. पत्रा कापायची."

"छिन्नीवर हातोडा मारतात, दादा. याच्यावर एकही घाव नाही."

"तू मराठी शिकवतेस ना शाळेत? मग तेच शिकव."

मी गोल टोकावर एक गोटी चढवली. ती पडली नाही, नुसती तिरकी झाली, आणि तिरकी असतानाही दांड्याबरोबर फिरली. आडोशाला गेलेला नट, जिथे दांडा सरळ जात नाही, त्याच्यासाठी होतं ते. झिजलेलं टोक असं चारही बाजूंनी सारखं कसं असेल? पण हे दिसायला गोटी चढवून बघावी लागते, आणि दादाला तेवढा वेळ नसतो. निवृत्त माणूस ना.

रविवारी तो एका मित्राला घेऊन आला. जुन्या वस्तू जमवणारा, मोठा जाणकार म्हणे. त्याने हातात पांढरे मोजे चढवले आणि पातं उजेडात धरलं.

"मॅडम, ये तो ब्रिटिश जमाने का है. हवाई जहाज के इंजिन का."

बाबांनी विमान आयुष्यात आतून पाहिलं नव्हतं. मी स्वयंपाकघरात गेले आणि आईच्या जुन्या पुरणयंत्राचं हँडल आणून त्याच्यापुढे ठेवलं. वाकडा लोखंडी दांडा, टोकाला भोक.

"हा!" त्याचे डोळे लकाकले. "ये सबसे रेअर पीस है. क्रँक का ॲडाप्टर. अब मिलता ही नहीं."

"बघ," दादा मला म्हणाला, "आणि तू हे सगळं असंच टाकून ठेवलंयस."

त्या हँडलने वाटलेल्या पुरणाच्या पोळ्या खाऊन दादाचं पोट सुटलं. मी दोघांना चहा दिला आणि वाटेला लावलं.

पात्याचा प्रश्न राहिलाच. त्याच्या कडा समोरासमोरच्या कोपऱ्यांत झिजल्या होत्या, म्हणजे ते कशात तरी घालून पिळलेलं होतं. एवढी रुंद खाच कशाला असते ते बघायला मी मुर्ध्याशेजारच्या राई गावात गेले. तिथे बाबांचं एक जुनं गिऱ्हाईक आहे, पाण्याचा टँकर चालवणारे काका. टँकर बाबांच्याच वेळचा. मी पातं पिशवीतून काढलं तसे काका हसले.

"ही त चपटी हाय."

"काय?"

"चपटी. तुझा बाप गाडीखाली शिरला का वराडं, चपटी दे, चपटी दे. तिचा काय करं, ता मना न्हाय ठाव."

आमच्या घरात हा शब्द कोणी उच्चारत नसे. दादा कॉलेजात असताना बाबांचा डबा घेऊन गॅरेजवर गेला होता. ट्रकखालून बाबांनी 'चपटी आण' असं ओरडलेलं त्याने ऐकलं, आणि घरी येऊन आईला सांगितलं की बाबा भर दुपारी दारूची बाटली मागवतात. आई बाबांशी कित्येक महिने धड बोलली नव्हती. बाबांनी खुलासा केला नाही. दादाने मात्र ती गोष्ट लग्नकार्यात सगळ्या नातेवाइकांना रंगवून सांगितली.

मी काकांकडून गोणपाट मागून घेतलं आणि खाच शोधत पुढच्या चाकामागे आडवी झाले. स्टिअरिंगच्या दांड्याच्या टोकाला एक गोल बूच होतं, त्याच्या तोंडावर रुंद खाच. पातं तिच्यात असं बसलं की हात सोडला तरी पडेना. काकांनी बुचातली पिन काढली, पात्याला दांडा लावून बूच थोडं आवळलं आणि ढिलं झालेलं स्टिअरिंग हलवून पाहिलं.

"कमी झाला गो खेळ!"

घरी आल्यावर आधी दादाला फोन केला. ऐकून घेऊन तो म्हणाला, "असेल. पण थोडीफार घेतच असतील ना? गॅरेजवाले सगळेच घेतात."

मी फोन ठेवला. मग आईला सांगितलं. तिने पातं हातात घेतलं, उलटंसुलटं केलं. मला वाटलं रडेल. पण ती चिडली.

"मग सांगायला काय झालं होतं त्यांना? तोंड शिवलं होतं? एवढे महिने मी त्यांना नुसतं ताट वाढत होते आणि हा माणूस गप्प जेवत होता!"

"विचारलं होतंस का तू?"

"मी कशाला विचारू? लेकाने सांगितलं होतं ना, शिकलेल्या!" ती म्हणाली, आणि हात पुढे केला. "लाव त्याला फोन. बघतेच आता त्याच्याकडे."

दादाने उचलला नाही. आईने मला पुन्हा लावायला सांगितलं.