टोपीमामांचं एक षटक

ऐका हो ऐका. परभणी जिल्ह्यातल्या तमाम फलंदाजांना, गोलंदाजांना आणि झाडावर चढून सामना बघणाऱ्यांना अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, आपल्या जिल्ह्यात जे जे पंच ताठ मानेने मैदानात उभे राहिले, त्यांची डोकी मातीची होती. ती पेडगावच्या कुंभाराने घडवली होती आणि टोपीमामांच्या अंगणात कडुनिंबाखाली ओळीने पालथी मांडलेली असत.

टोपीमामा आमच्या शाळेत शिपाई होते. मी तिथेच गणित शिकवतो आणि रविवारी पंचगिरी करतो. पंचाची पांढरी, गोल काठाची टोपी धुऊन नुसती दोरीवर टाकली तर तिचा पापड होतो, हे मामांचं पहिलं सूत्र. म्हणून ते प्रत्येक पंचाच्या डोक्याचं माप सुतळीने घेत, गाठ मारत आणि त्या मापाचं मडकं घडवून आणत. ज्याची टोपी त्याच्याच मडक्यावर वाळायची. मडक्यावर खडूने नाव. माझं माप घेताना सुतळी अपुरी पडली. मामा दुसरी सुतळी आणायला उठले आणि जाता जाता म्हणाले, "सर, डोकं रांजणाच्या मापाचं हाय तुमचं. आत किती भरलंय ते काय सुतळीला कळत न्हाई."

साबणाला ते टोपीचा शत्रू मानत. आदल्या दिवशी रिठे भिजत घालायचे, फेस निघाला की टोपी त्यात बुडवायची, आणि आतली घामाची पट्टी जुन्या दातांच्या ब्रशने हळूहळू घासायची. काळ्या मातीच्या डागावर खडूची पूड. मग साबुदाण्याची पातळ खळ आणि चिमटीभर नीळ. चिमटी म्हणजे त्यांची चिमटी. दुसऱ्या कुणाला निळीच्या पुडीला हात लावू देत नसत. वाळत असताना दर थोड्या वेळाने येऊन टोपीच्या काठावरून बोट फिरवत. तापलेल्या पोराच्या कपाळावरून आई फिरवते तसं.

घामाची पट्टी त्यांना सगळं सांगायची. कोण पंच खोबरेल चोपडून येतो, कुणाचं टेन्शन वाढलंय, कोण केस काळे करतो. एका फार कडक पंचांच्या टोपीतून दर आठवड्याला काळं पाणी निघे. मी खोदून खोदून विचारलं, कोण ते? मामा म्हणाले, "पंचाचं गुपित मडक्यासारखं असतंय. तोंड खालीच बरं." त्यांचा दुसरा नियम याहून कडक होता. "टोपी डोक्यावर हाय तवर खोटं बोलायचं न्हाई. बोलायचंच असलं तर आधी टोपी काढा, मडक्यावर ठिवा, मग बोला." हा नियम सगळ्या पंचांना पाठ होता. घरी बायकोशी बोलताना आम्ही सगळे बोडक्यानेच बोलत असू.

पंच निवृत्त झाला की मामा त्याचं मडकं उलथं करत. म्हणजे तोंड वर. त्यात पाणी भरून ते कडुनिंबाच्या बुंध्याशी चिमण्यांसाठी ठेवून देत. मामींना हा सगळाच कारभार अमान्य होता. आल्यागेल्याला त्या सांगत, "घरात प्यायच्या पाण्याला धड मडकं न्हाई, अन् ह्यांच्या अंगणात सतरा डोकी वाळायलीत. त्यातल्या एकाला तरी अक्कल असती तर बसली नसती का माझ्याजवळ, दोन शेंगा सोलत."

सतरापैकी सोळा मडक्यांवर नावं होती. सतरावं, ओळीच्या टोकाचं, कोरं होतं. ते मामांचं.

मामांना पंच व्हायचं होतं. क्रिकेटचे सगळे नियम त्यांना तोंडपाठ होते, तरी परीक्षेत ते तीनदा नापास झाले. दोनदा लेखीत अडकले. तिसऱ्यांदा तोंडीपर्यंत पोचले, तर परीक्षकाने आपली टोपी टेबलावर ठेवली होती आणि तिच्यावर चहाचा डाग होता. परीक्षकाने नो-बॉलबद्दल विचारलं. मामांनी डागाबद्दल सांगितलं. बराच वेळ सांगितलं.

पण टोपी त्यांनी शिवून घेतली होती. बावीस वर्षं ती एकदाही घातली नाही आणि बावीस वर्षं दर आठवड्याला धुतली. मी एकदा म्हणालो, मामा, न घातलेली टोपी कशाला धुता? ते म्हणाले, "घातलेली टोपी घामानं मळते सर. न घातलेली वाट बघून मळते." मी हसलो. ते हसले नाहीत.

दर रविवारी ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून मैदानावर येत. टोपी स्टीलच्या डब्यात. आमच्या स्थानिक सामन्यांत रीत अशी होती की, एखादा पंच आलाच नाही तर दोन्ही कर्णधारांच्या संमतीने जाणता माणूस उभा करायचा. या एका 'आलाच नाही'वर मामांचा जन्म टांगलेला होता. दुसरे पंच बहुधा गंगाखेडहून येत. मामा फाटकाशी उभे राहून रस्त्याकडे बघत आणि दर पाच मिनिटांनी मला विचारत, "गंगाखेडची गाडी आली का?" गाडी नेहमी यायची. आपली एसटी इतर सगळ्यांना दगा देते, मामांना तिने कधी दिला नाही. पंच उतरले की मामांचा चेहरा विझे. मग ते पुढे होऊन त्यांच्याच टोपीवरची धूळ ब्रशने झाडून देत.

मग एका दसऱ्याच्या आधी कळलं, की मामा-मामी पालमला मुलीकडे कायमचे निघालेत. मामींचे गुडघे गेले होते. मामांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता. पुढचा रविवार शेवटचा. शाळेच्या व्हरांड्यात त्यांनी माझा हात धरला. रिठ्याने खरखरीत झालेला हात. इतक्या वर्षांत त्या माणसाने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. म्हणाले, "सर, एक षटक. निस्तं एक षटक. त्याच्यापुढं देवानं डोळे न्हेले तरी चालतंय मला."

आता माझं पाप ऐका. मी गंगाखेडच्या पंचांना फोन केला आणि रविवारी येऊ नका म्हणून गळ घातली. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं, "आजारी पडू का मरू?" मी म्हणालो, आजारी पुरे.

रविवारी मी मैदानाच्या मधोमध उभा राहून, पडेल चेहऱ्याने, गंगाखेडच्या पंचांना एकाएकी फणफणून ताप भरल्याचं जाहीर केलं. बोलताना टोपी काढून काखेत धरली होती. कर्णधारांना आधीच गाठलं होतं. ते लगेच हो म्हणाले. मामा नळावर जाऊन तोंड धुऊन आले. डबा उघडला, दोन्ही हातांनी टोपी काढली, डोक्यावर ठेवली आणि ती थेट भुवयांवर उतरली. बावीस वर्षांपूर्वीच्या मापात केस धरलेले होते. मडकं तेवढंच राहिलं, डोकं राहिलं नाही. आम्ही रुमालाची घडी आत घातली. टोपी बसली. मामा चालत विकेटपाशी गेले, आणि झाडावरची मंडळी नीट बघायला एकेक फांदी खाली उतरली.

मी स्क्वेअर लेगला. पहिलं षटक मामांच्या टोकाकडून. चेंडू मोजायला त्यांनी हातात सहा चिंचोके घेतले होते. दुसऱ्या चेंडूला गोलंदाजाचा पाय रेषेपुढे गेला, तर मामांनी नो-बॉलचा हात असा खाडकन आडवा केला की टाळ्या पडल्या. पाच वैध चेंडू झाले. पाच चिंचोके खिशात गेले. एक उरला.

आणि तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, की मी एक गोष्ट विसरलो होतो. षटक टाकण्याआधी गोलंदाज आपली टोपी पंचाच्या हातात देतो. या पोरानेही दिली होती, आणि ती बहुधा शिवल्यापासून धुतलेली नव्हती. मामांनी पाच चेंडू ती बगलेत दाबून धरली. सहाव्याला गोलंदाज पळत यायला लागला तेव्हा ती त्यांच्या हातात होती. त्यांनी ती उलटी केली होती. घामाच्या पट्टीवरून त्यांचा अंगठा फिरत होता.

चेंडू फलंदाजाच्या पॅडवर आदळला. अकरा जण वळून मामांवर ओरडले. पायचीत. याचा निकाल त्या टोकाच्या पंचाने एकट्याने द्यायचा असतो. मी काहीही करू शकत नव्हतो.

मामांनी मान वर केली.

त्यांना तसंच उभं ठेवून एक सांगतो. मामा पालमला गेले, आणि मागच्या थंडीत तिथेच वारले. मुलीने ते कोरं मडकं एसटीतून, मांडीवर धरून, माझ्याकडे आणून दिलं. बाकीची सोळा आता माझ्या अंगणात आहेत. मी रिठे भिजवतो, नीळ घालतो. माझी चिमटी अजून चुकते आणि पंच आकाशी रंगाच्या टोप्या घालून फिरतात. सतरावं मडकं मी तोंड वर करून झाडाखाली ठेवलंय. चिमण्या येतात. आणि तो फलंदाज बाद होता की नव्हता, यावर चहाच्या टपरीवर अजून भांडण होतं.

तर मामा उभे आहेत. मोठ्या टोपीखाली लहानसा चेहरा. त्यांनी बोट वर केलं असतं तरी चाललं असतं, नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. दोन्ही संघांनी निकाल मानला असता. एकच खोटं, आणि बावीस वर्षांचं ते एक षटक पुरं झालं असतं. मामांचा हात सावकाश टोपीकडे गेला. टोपीचा तो नियम मामांखेरीज माहीत असलेला मैदानावर मी एकटाच. मी मनातल्या मनात ओरडत होतो, काढा मामा, काढा टोपी.

मामांनी टोपी दोन्ही हातांनी आणखी खाली, घट्ट दाबली. गोलंदाजाची मळकी टोपी छातीशी धरली. आणि साऱ्या मैदानाला ऐकू जाईल असं म्हणाले,

"बॉल म्या बघितलाच न्हाई हो. मी टोपी बघायलो होतो."