सहा वेळा अडवलेला प्रश्न

शाळेच्या संगणकखोलीत इंटरनेट नवं आलं, तेव्हा तिथल्या बाई अख्खा तास रांगांमधून फिरायच्या. कोण अडलंय, कोण भरकटलंय, सगळं त्यांना मान तिरकी न करता दिसायचं. पोरं त्यांना पाठीमागे ‘घार’ म्हणायची, आणि हे बाईंनाही ठाऊक होतं.

पुढे शाळेने फिल्टर बसवला. नको तो शब्द टाइप केला की पडद्यावर लाल पाटी यायची आणि त्या मुलाचं नाव बाईंच्या यादीत पडायचं. बाईंचे गुडघे तसेही बोलायला लागलेच होते. “आता यंत्रच राखण करतंय,” म्हणत त्यांनी खुर्ची धरली ती धरलीच.

एका मंगळवारी सातवीच्या तासाला यादीत एकाच मुलीचं नाव सहा वेळा आलं. शब्द स्त्रीच्या शरीराच्या एका भागाचा. एक बटण दाबलं असतं तर मुलीने लिहिलेलं पूर्ण वाक्य दिसलं असतं. बाईंनी ते दाबलं नाही. तिला उभं केलं आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, “शाळेत हेच बघायला येतेस? लाज नाही वाटत?”

वर्गात खसखस पिकली. मुलगी कानापर्यंत लाल झाली.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील आले. भिंती रंगवायच्या कामावरून तसेच आले होते, मनगटावर पांढरे ठिपके.

“बाई, तिच्या आईच्या छातीत गाठ निघालीय. आम्ही पोरीला काही सांगितलं नाही. घरात कुजबुज ऐकली असेल तिने. विचारणार तरी कुणाला?”

ते गेल्यावर बाईंनी ते बटण दाबलं. ‘स्तनात गाठ झाली तर आई मरते का?’ शब्द मागेपुढे करून सहा वेळा तोच प्रश्न. पोरगी बसली होती त्यांच्यापासून दहा पावलांवर.

घरी नवरा समजूत घालायला लागला, “यंत्राची चूक. तू कशाला जिवाला लावून घेतेस?”

“यंत्राने नुसतं नाव दिलं हो. लाज मी काढली तिची.”

पुढच्या तासाला बाई वर्गासमोर उभ्या राहिल्या. “परवा मी हिला जे बोलले, ते साफ चुकलं. लाज वाटायला हवी होती ती मला.” कारण त्यांनी सांगितलं नाही. मग मुलीशेजारी स्टूल ओढून हळूच म्हणाल्या, “तुला हवं ते आपण दोघी मिळून शोधू या?”

“नको बाई. बाबांनी सांगितलं सगळं,” मुलगी म्हणाली. आवाजात राग नव्हता. तेच बाईंना जास्त लागलं.

दीड महिन्याने आईचं ऑपरेशन नीट पार पडलं. बाईंना ते शाळेच्या शिपायाकडून कळलं. मुलगी रोज समोरच बसायची. तिने सांगितलं नाही, आणि विचारायला बाईंना तोंड नव्हतं.