मामाने आणलेली दोन पेनं

शालूच्या डाव्या तळहाताची कड निळी असायची. करंगळीच्या टोकापासून मनगटाच्या हाडापर्यंत एक लांबट निळा पट्टा, शाळा सुटेपर्यंत गडद झालेला, संध्याकाळी मोरीत साबणाने घासूनही पुरता न गेलेला... जेवायला बसलो की आई त्या हाताकडे बघायची आणि तो मांडीवर ठेवायची खूण करायची. धाकट्या बहिणीचं बालपण आठवू म्हटलं, तर तिचा चेहरा उशिरा येतो. आधी येते ती ही निळी कड, आणि तिच्या मागोमाग माझी लाज.

भांडुपला टेकडीच्या पायथ्याशी आमची चाळ होती. दोन खोल्या, पुढे लाकडी कठड्याची गॅलरी, आणि वारा पडला की रस्त्यापलीकडच्या औषधांच्या कारखान्यातून येणारा कडवट वास – वाळत घातलेल्या कपड्यांत, पिठाच्या डब्यात, अगदी वह्यांच्या पानांतसुद्धा मुरलेला. मी सातवीत, शालू पाचवीत, शाळा एकच. बॉलपेनने अक्षर बिघडतं असा त्या शाळेचा ठाम समज होता, म्हणून सगळ्यांच्या दप्तरात शाईची पेनं. कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारी, गळकी, हट्टी. सकाळी दौतीतून ड्रॉपरने शाई भरायची, निब वेणीच्या केसांना पुसायची, वहीवर थेंब सांडला तर त्यावर खडू लोळवायचा... केसांतलं खोबरेल आणि शाई यांचा तो मिश्र वास अजूनही कधीतरी उगाचच नाकाशी येतो.

शालू डावखुरी. घास, प्रसाद, हळदीकुंकू, कुणाकडून काही घेणं-देणं, या सगळ्यासाठी आईने तिला उजव्या हाताचं वळण लावलं होतं. लिहिणं मात्र डाव्याच हातात राहिलं. पहिलीच्या बाईंनी पट्टीने तिची बोटं सुजवली, तरी ते तिथून हललं नव्हतं. डाव्या हाताने लिहिताना हात नुकत्याच लिहिलेल्या ओळीवरून पुढे सरकतो आणि ओली शाई पुसत जातो. त्यावर तिने आपली आपणच युक्ती काढली होती: वही जवळजवळ आडवी करायची, तळहाताखाली टीपकागदाचा तुकडा धरायचा आणि जीभ दातांत पकडून सावकाश लिहायचं. आणि त्यातून जे अक्षर उतरे! गोल, ठसठशीत, मोत्याच्या दाण्यासारखं. शाळेच्या दारातल्या फळ्यावर रोजचा सुविचार लिहिण्याचं काम नेहमी सातवीतल्या मुलीकडे असे, म्हणजे त्या वर्षी माझ्याकडे; ते जूनमध्येच मोठ्या बाईंनी माझ्याकडून काढून पाचवीतल्या शालूला दिलं. मत्सर, असूया हे शब्द मला नंतर भेटले. तेव्हा फक्त रोज सकाळी तो फळा दिसला की मी मान वळवून आत जायचे.

दिवाळीची सुट्टी संपता संपता मामा आला. तो आखातात नोकरीला होता, दोन वर्षांतून एकदा यायचा. त्याची बॅग उघडली की साबण, अत्तर आणि कोऱ्या प्लास्टिकचा एक परका, श्रीमंत वास दोन्ही खोल्यांत भरून जाई आणि कारखान्याचा वास तेवढ्यापुरता माघार घेई. आमच्याकडचा पंखा त्याने दिलेला, टेपरेकॉर्डर त्याचा, आईच्या मनगटावरचं घड्याळही त्याचंच. त्यामुळे तो असेपर्यंत घरही त्याचंच असे. बाबासुद्धा त्याच्यासमोर खुर्चीच्या कडेवर बसत.

त्या दिवशी सकाळी त्याने बॅगेच्या तळातून एक लांबट पेटी काढली. आत लाल मखमलीवर दोन पेनं. एक काळंभोर, जाड, टोपणाला सोनेरी कडी, निब रुंद. दुसरं मोरपंखी, सडपातळ, निब सुईसारखी बारीक. असली पेनं आम्ही दुकानाच्या काचेमागेसुद्धा पाहिली नव्हती.

"दोघींका एकेक," मामा त्याच्या मालवणीत म्हणाला. "पण आदी लिवन दाखवा. माझ्या पेनाचा मोल हातात असूक व्हया."

मी दोन्ही पेनांनी माझं नाव लिहिलं. मग शालूची पाळी. तिचा डावा हात पुढे आला, तशी आईने डोळे वटारले – देणाऱ्याच्या समोर, घरच्या पाहुण्यासमोर डावा हात! शालूने मुकाट्याने पेन उजव्या हातात घेतलं. अक्षरं ओळीवरून घरंगळली, काना एकीकडे, मात्रा भलतीकडे.

"अरे, ह्या अक्षर की कोंबडीचे पाय?" मामा मांडीवर थाप मारून हसला. "ताई, हिच्या हातात पेन म्हणजे माकडाच्या हातात कोलीत गो!"

आई कसनुसं हसली. बाबा हसले. 'मामा, ती डावखुरी आहे, शाळेचा फळा तीच लिहिते' – एवढंच वाक्य होतं, आणि ते बोलू शकणारी मी होते. मीही हसले.

शालू रडली नाही. मी तिच्याकडे बघत होते म्हणून मला दिसलं: तिने दोन्ही पेनांनी एकेक रेघ ओढली आणि डाव्या तळव्याची कड हळूच त्या रेघांवरून फिरवली. काळ्या पेनाची रेघ फरपटत कागदभर पसरली. मोरपंखी पेनाची जागच्या जागी सुकली होती. शालूच्या चेहऱ्यावर जे हसू उमटलं, ते मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

"जेवा, मगे निवडा," मामा म्हणाला. "थोरलीन आदी. एकदा घेतला की बदलून मिळूचा नाय हां!"

जेवणानंतर मोरीत हात धुताना शालू माझ्या कानाशी लागली. "ताई, तू काळं घे ना गं. तुला मस्त दिसेल. मोरपंखी लगेच सुकतं... पुसतच नाही, मी बघितलं. घेशील ना काळं?"

मी म्हटलं, "बघू."

मला काळंच आवडलं होतं. त्याचं वजन, ती सोनेरी कडी, कागदावर भरभरून उतरणारी शाई, सगळं मला हवं होतं. हे मी आज पहिल्यांदाच कबूल करतेय. मामाने पेटी पुढे केली, शालू दाराला टेकून उभी होती, आणि मी हात लांब करून मोरपंखी पेन उचललं. चुकून नाही, घाईत नाही. तिच्याकडे बघत.

मामा गेला. जाताना बजावून गेला, "पुढल्या खेपेक वह्ये बघतलंय." त्या एका वाक्याने आईची झोप उडाली. शालूने काळं पेन पेटीतच ठेवायचं आणि आपलं जुनं गळकं पेन वापरायचं असं ठरवलं, तर आई म्हणाली, "एवढं महागाचं पेन काय कपाटात पुजायला आणलंय? त्याला काय वाटेल?" मग शालू काळ्या पेनाने लिहू लागली. ती रुंद निब शाई अशी ओकायची की टीपकागद चिंब होऊन फाटायचा. निळी कड कोपरापर्यंत पोचली, फ्रॉकचे हात खराब झाले, आणि बाईंनी डाग पडलेली पानं फाडून पुन्हा लिहायला दिली. आईने एके दुपारी ती वही पाहिली, पेन पाहिलं, मग शालूचा हात.

"पेनात खोट नाही," ती म्हणाली. "हातात आहे."

आणि तिने पेन काढून शालूच्या उजव्या हातात दिलं. पट्टीने सुजूनही जो हात हलला नव्हता, तो एका भारी पेनापुढे हरला. आई दुष्ट नव्हती हो. परदेशी वस्तू चुकीची असू शकते, हे तिच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं.

त्याच आठवड्यात शालू गॅलरीत माझ्याजवळ आली. मी कठड्याला टेकून पेरू खात होते. "ताई, अदलाबदल करूया ना? मामाला नाही सांगणार. आईलापण नाही. प्लीज ना..."

आमच्या शाळेत एक नियम सगळी मुलं पाळत: आपलं पेन दुसऱ्याला द्यायचं नाही. निब लिहिणाऱ्याच्या हाताला लागते, म्हणजे त्याच्याच वळणाने झिजते, मग दुसऱ्याच्या हातात गेली की बिघडते. मी पेरूचा घास सावकाश चावून गिळला.

"आता नाही होणार," मी म्हटलं. "निब माझ्या हाताला लागली."

मामासमोर नाव लिहिलं होतं, त्यानंतर त्या पेनाने मी एक अक्षरही लिहिलं नव्हतं. ते माझ्या कपड्यांच्या घडीखाली पडून होतं, आणि शालूला ते ठाऊक होतं, कारण कपड्यांच्या घड्या तीच घालायची. ती "बरं," म्हणाली आणि आत गेली.

उन्हाळ्यापर्यंत तिच्या हाताची कड गोरी झाली. अक्षर कोंबडीच्या पायांचं झालं ते झालंच. सुविचाराचा फळा मला परत मिळाला; मी तो वर्ष संपेपर्यंत लिहिला आणि मला त्यात आनंदही झाला – खोटं कशाला बोलू?

मामा पुढच्या खेपेला आला तेव्हा वह्या बघायला विसरला.

चाळीसेक वर्षं उलटल्यावर आई गेली, त्यानंतरची गोष्ट. शालू घाटकोपरला असते; आईचे तेरा दिवस झाल्यावर ती मुलुंडला माझ्याकडे आली होती. कसल्याशा कागदावर दोघींच्या सह्या हव्या होत्या. तिने तिचं पूर्ण नाव लिहिलं, एकेक अक्षर जपून, पाचवीतल्या मुलीसारखं, तरी ते ओळीखाली घसरलं. मला राहवलं नाही. मी आत जाऊन मोरपंखी पेन आणलं, नवी शाई भरली आणि तिच्यासमोर ठेवलं. माफी मागायचे शब्द तोंडाशी आले होते, पण नुसतं "घे" एवढंच म्हणता आलं.

तिने ते उचललं, उजव्या हातातून डाव्या हातात घेतलं. एक कोरा कागद आडवा केला... अगदी तस्साच. जीभ दातांत आली. 'शा' लिहिताना काना वाकला, 'लू' पुरा झालाच नाही. पन्नाशीच्या बाईचा तो हात काहीच ओळखत नव्हता. रेघ मात्र लगेच सुकली; तिने सवयीने तळव्याची कड वरून फिरवली आणि हात उलटा करून पाहिला. स्वच्छ होता.

तिने टोपण लावलं, खट् आवाज येईपर्यंत घट्ट दाबलं, आणि पेन माझ्याकडे सरकवलं.

"राहू दे गं ताई, तुझ्याचकडे," ती म्हणाली. "निब तुझ्या हाताला लागलीय ना."