चौथा डबा

संध्याकाळी सहाला कार्यक्रम, म्हणून कुमुदताई दुपारी जेवून घटकाभर आडव्या होतात. सांगलीच्या त्यांच्या फिल्म सोसायटीला पन्नास वर्षं झाली. संस्थापक सुधाकर वैद्य यांचा सत्कार आहे आणि शाल कुमुदताईंच्या हस्ते. आणीबाणीत चोरून लावलेल्या खेळाची बातमी पोलिसांना यानंच दिली, हा संशय त्यांनी आजवर पोटात ठेवलाय. पुरावा नाही, आणि पुराव्यावाचून बोलणाऱ्या बाईला लोक म्हातारचळ लागला म्हणतात. डोळा लागतो न लागतो तोच अंगावरची चादर कुणीतरी ओढतं.

"दे इकडं. पडदा लावायचाय."

दिगंबर. तुरुंगात कावीळ होऊन गेला तेव्हा होता तेवढाच, बाविशीतला. लग्न ठरवलं होतं दोघांनी; घरच्यांना सांगायचं तेवढं राहिलं होतं.

चादर भिंतीवर चढते. भिंत कॉलेजच्या प्रयोगशाळेची आहे आणि बाकांवर तीसेक पोरंपोरी खेटून बसलीयत. सिनेमा बंदी घातलेला. चादरीवर एक मुलगी पुलावर उभी राहून कुणाची तरी वाट बघतेय. कुमुदताई दिगंबराच्या शेजारी बसतात. गुडघे दुखत नाहीत.

"शेवटी काय झालं गं हिचं?"

"मी परत पाहिलाच नाही. तू नाहीस तर कशाला बघू?"

"येडी आहेस."

रीळ संपतं. प्रोजेक्टर एकच, त्यामुळं रीळ बदलेपर्यंत दिवे लावायचे. दोन मिनिटांचं काम. यंत्रापाशी असलेला वैद्य दिवे लावतो. दोनाची पाच मिनिटं होतात, पाचाची दहा. दारात उभे राहिलेले पोलीस एकेक चेहरा निवांत न्याहाळतात.

बाक गार लागतं. ती बराकीतली फरशी आहे. दिगंबराचे डोळे हळदीसारखे पिवळे झालेत आणि मांडीवर रिळाचा पत्र्याचा डबा आहे.

"वैद्य रेंगाळत होता म्हणून मीच हा चौथा डबा उघडला."

"मग?"

"रिकामा! शेवटचं रीळ त्यानं आणलंच नव्हतं. खेळ तिथवर पोचायचा नाही हे ठाऊक होतं ना त्याला."

"मला का नाही सांगितलंस?"

"तोंड उघडायच्या आत गाडीत कोंबलं. आणि तू त्याला शाल घालायला निघालीस होय गं?"

कुमुदताईंना मेल्याहून मेल्यासारखं होतं.

"मेल्यावर माणूस निवतो म्हणतात," तो म्हणतो. "काही खरं नाही त्यात, कुमे. माझं अजून डोकं फिरतंय."

"दे तो डबा. माझ्या डोळ्यांनी बघू दे."

झाकण गंजून घट्ट बसलंय. त्या नखं घालून ओढतात, सगळ्या ताकदीनं ओढतात. झाकण निघतं. आत काही नाही. त्या वैद्याच्या नावानं ओरडतात.

"आई! अहो आई!" सून प्राजक्ता चहा घेऊन उशाशी उभी आहे. चार वाजलेत. "स्वप्न पडलं का? आणि हे बोटांना काय लागलंय?"

कुमुदताई हात पुढे करून बघतात. उजव्या तर्जनीचं नख तुटलंय आणि बाकीच्या नखांत तांबडा गंज भरलाय.

"धुऊन घ्या हं. शालीला लागेल."

"शाल दुसरं कुणीतरी घालेल. मला फक्त माईक हवाय," कुमुदताई उठून बसतात. "आणि हात नाही धुणार. वैद्याला दाखवायचेत."