बंदूक धरलेले मुनीर सर

मुनीर सर वर्तमानपत्र वाचायला बसले की हातात पेन्सिल लागायची. परदेशातल्या लढाईची बातमी आली की ते काही शब्दांखाली रेघा ओढत आणि मग स्टाफरूममध्ये ज्याला वेळ असेल त्याला, नसेल त्यालाही, ती बातमी मोठ्यानं वाचून दाखवत. भोकरदनच्या हायस्कुलात मी इंग्रजी शिकवायला रुजू झाले त्या दिवशी पहिली सापडले ती मीच.

"वाघमारेबाई, व्हिएतनामात लोक अमेरिकेशी लढून राह्यले. त्यांच्यातले पुष्कळ जण बौद्ध. बराबर?"

"बरोबर."

"तुम्हीबी बौद्ध."

"हो सर." मी जरा सावध झाले. नव्या गावात धर्माची चौकशी कुठं जाऊन पोचते, हे मला लहानपणापासून माहीत होतं.

"मंग मला सांगा, ह्या पेपरानं एकदा तरी छापलं का, की बुद्धाची शिकवणच तशी हाय, म्हणून त्यांनी बंदुका उचलल्या?"

मला हसू आलं. सर हसले नाहीत. त्यांनी पेन्सिलीचं टोक खालच्या बातमीवर ठेवलं. "न्हाई छापलं. कारण डोक्यावर विमानं फिरून राह्यली, ते सगळ्या दुनियेला दिसतं. आता ही अरबांची बातमी बघा. त्यांच्या जमिनीवर कोण येऊन बसलं, ते शेवटच्या ओळीत. त्यांचा धर्म पहिल्या ओळीत. बातमी विलायतेत लिहिली, आपल्याकडं नुसती मराठी होऊन आली."

ही सत्तरच्या दशकातल्या सुरुवातीच्या वर्षांची गोष्ट. जालना जिल्हा तेव्हा वेगळा झाला नव्हता. भोकरदन औरंगाबाद जिल्ह्यात होतं. मी कुंभार पिंपळगावची, घरातली पहिली शिकलेली मुलगी. मुनीर सर इतिहास शिकवत. उंच, हडकुळे, दाढी बारीक कातरलेली, आणि बारा महिने अंगात तोच करड्या रंगाचा लांब कोट. उन्हाळ्यात कोणी त्याबद्दल विचारलं तर म्हणत, "आतमधून ऊन लागत न्हाई."

त्यांच्या वर्गात "धर्मासाठी लढले" एवढं लिहून कोणाची सुटका होत नसे. अजिंठ्याच्या डोंगरातले भिल्ल इंग्रजांशी का लढले, असा एक प्रश्न त्यांनी घातला होता. एका मुलीनं पाठ केल्यासारखं लिहिलं की ते स्वभावानं लढाऊ होते. सरांनी तिला उभं केलं. रागावले मात्र नाहीत. "बेटी, तुझ्या रानातून तुला कुणी हाकललं आणि तू दगड मारला, तर तुझी आई काय म्हणंल? पोरीचा स्वभावच दगड मारायचा हाय, असं म्हणंल?" वर्ग हसला, मुलगीही हसली, आणि मग तिनं उभ्याउभ्या बरोबर उत्तर दिलं.

एवढा बोलका माणूस एका बाबतीत मात्र गप्प असे. सतरा सप्टेंबरला, निजामाची राजवट संपल्याच्या दिवशी, शाळेत झेंडावंदन होई. त्या दिवशी सर सगळ्यात मागच्या रांगेत उभे राहत आणि कार्यक्रम संपला की कोणाशी न बोलता घरी जात. त्यांच्या मोहल्ल्यातले बरेच लोक त्यांच्या घरी पाऊल टाकत नसत. एका ईदला मी शिरखुर्मा प्यायला गेले, तर घरात सर, त्यांच्या पत्नी जुबेदाभाभी आणि मी, एवढेच. मी भाभींना विचारलं, बाकी कोणी येत नाही का? त्या वाटी भरत म्हणाल्या, "जुनी बात है. सर सांगत न्हाईत, मंग मी कशी सांगू?"

ती जुनी बात गावाला कळली ती एका विलायती पाहुण्यामुळे.

भोकरदनला गावालगत उत्खनन झालं होतं. ते बघायला हार्टली नावाचे एक इंग्रज प्राध्यापक आले. मुसलमान देशांमधली बंडं, उठाव हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. हेडमास्तरांनी आग्रह करून त्यांचं व्याख्यान शाळेत ठेवलं आणि भाषांतराचं काम माझ्याकडे आलं. दुपारची वेळ होती. सभागृह वरच्या वर्गांतल्या मुलामुलींनी भरलं होतं, मागच्या खुर्च्यांवर गावातली प्रतिष्ठित मंडळी होती, मोहल्ल्यातलेही काही जण आले होते. अध्यक्षस्थानी शाळा समितीचे अध्यक्ष दादाराव पाटील होते. मोठे शेतकरी, मोठ्या मिशा, बोलणं मात्र अगदी कमी.

हार्टली साहेब वाईट माणूस नव्हते. चांगलं बोलत होते, मुलांकडे बघून बोलत होते. त्यांनी अल्जेरियाचं सांगितलं, पॅलेस्टाईनचं सांगितलं. पण सांगता सांगता ते म्हणाले की या सगळ्या लढ्यांचं मूळ एकच आहे. परक्याची सत्ता आली की मुसलमान माणूस तिच्याशी वाटाघाट करू शकत नाही. त्याचा धर्म त्याला शस्त्राकडे नेतो. पुढे त्यांनी 'धर्मवेडा' या अर्थाचा शब्द वापरला.

समोर दुसऱ्या रांगेत माझ्या वर्गातल्या मुसलमान मुली बसल्या होत्या. तो शब्द मराठीत नरम करून सांगता आला असता, पण मी तो तसाच उच्चारला. मागून कोणीतरी खाकरलं. एका मुलानं शेजारच्याला कोपर मारलं आणि तो त्या मुलींकडे बघून हसला. मुलींच्या माना खाली गेल्या. मोहल्ल्यातला एक म्हातारा उठून जायला निघाला.

"चाचा, बैठो," मुनीर सर म्हणाले आणि उभे राहिले.

हेडमास्तरांनी प्रश्न शेवटी घेऊ अशी खूण केली. सरांनी ती बघितली नसावी. ते पुढे आले आणि मला म्हणाले, "बाई, माझं बोलणं साहेबाला सांगा. जसंच्या तसं."

मग ते साहेबांकडे वळले. "साहेब, तुम्ही अभ्यास केला, मी त्याचा आदर करतो. मी मुसलमान हाय आणि मी बंदूक धरलेली हाय. माझा इथं एक सवाल हाय. निजामाच्या शेवटच्या वर्षात ह्या भागात हत्यारबंद टोळ्या फिरत. घरं जाळत, लोकांना मारत. मी तवा खेड्यात मास्तर होतो. माझ्या शाळेतल्या पोरांची घरं जळली. मंग मी सरहद्दीपल्याड, निजामाशी लढणाऱ्या लोकांच्या छावणीत गेलो आणि बंदूक घेतली. ज्यांच्याशी लढलो, ते माझ्यासारखीच नमाज पढत. आता तुमच्या हिशोबानं सांगा, माझ्या कोणत्या धर्मानं मला त्यांच्यावर बंदूक उचलायला लावली?"

मी इंग्रजीत सांगत होते आणि साहेबांचा चेहरा बदलत होता. त्यांनी चष्मा काढला.

"छावणीत माझ्यावर कुणी इश्वास ठेवत नव्हतं," सर पुढे म्हणाले. "नंतर ठेवला. मंग हिंदुस्थानची फौज आली, आम्ही नाचलो. आणि त्याच महिन्यात माझी दाढी बघून लोकांनी मलाच बांधून नेलं, निजामाचा माणूस म्हणून. इकडं दुश्मन ठरलो, मोहल्ल्यात गद्दार ठरलो. माझी आई तवा जिती होती. तिला त्याच मोहल्ल्यात राहायचं होतं. म्हणून मी तोंड शिवून बसलो. आज बोललो, कारण ह्या पोरींनी माना खाली घातल्या."

मागून कोणीतरी म्हणालं, "मास्तर, हे खरं कशावरून?"

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. दादाराव पाटील उभे राहिले होते.

"माझ्यावरून," ते म्हणाले. "मी त्याच छावणीत होतो. वाट दाखवायला हा पुढं असायचा, आम्ही ह्याच्या मागं. ह्याला बांधून नेलं तवा सोडवायला मीच गेल्तो. गावात सांगू नको म्हणून ह्यानं मला आईची शपथ घातल्ती. आज ह्यानंच तोंड उघडलं, मंग माझी शपथ सुटली." एवढं बोलून ते बसले.

उठून निघालेला म्हातारा अजून दारातच उभा होता. तो परत आला आणि बसला.

हार्टली साहेबांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "पण तुम्ही लढताना धर्म बाजूला ठेवला होता, असं समजायचं का?"

"बिलकुल न्हाई. छावणीत मी पाची वेळा नमाज पढायचो. दादाराव खंडोबाचं नाव घ्यायचा. जीव संकटात असला की माणूस आपल्या देवाला हाक मारतो. तुम्ही दुरून ती हाक ऐकली आणि लिहिलं, की ह्याला देवानंच धाडला. त्याच्या घराला लागलेली आग तुम्हाला दिसलीच न्हाई, साहेब."

"मग ज्यानं ज्यानं परक्याविरुद्ध शस्त्र घेतलं, तो तो तुमच्या मते बरोबर?"

हा प्रश्न सरळ होता आणि साहेबांनी तो मनापासून विचारला होता. सरांनी हात कोटाच्या खिशात घातले.

"न्हाई," ते म्हणाले. "आम्ही एक ठाणं घेतलं. लढणारे पळून गेले. आत त्यांचा खानसामा राहिला, पीठ मळत होता. आमच्यातल्या एकानं त्याच्यावर बंदूक रोखली. त्याचा भाऊ टोळीनं मारला होता, त्याचा राग मला समजत होता. पण मी मधी उभा राह्यलो. म्हटलं, ह्याच्या हातात पीठ हाय, आधी मला मार. तो खानसामा जगला. साहेब, माणूस बंदूक का उचलतो, ते समजून घ्या, एवढंच माझं म्हणणं. समजून घेणं म्हणजे शाबासकी देणं न्हवं. पण तुम्ही समजून न घेताच निकाल देऊन राह्यले."

मी शेवटचं वाक्य इंग्रजीत पुरं केलं. साहेब उठले, टेबलाला वळसा घालून आले आणि त्यांनी सरांचा हात धरला. मग माझ्याकडे बघून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "यांना सांगा, मी इतकी वर्षं लोकांना त्यांच्या धर्माविषयी विचारत आलो. त्यांच्या घराचं काय झालं, हे मी आधी विचारायला हवं होतं. मला यांच्याशी उद्याही बोलायचं आहे."

मी ते मराठीत सांगितलं मात्र, आणि टाळ्या सुरू झाल्या. आधी मागून, मग मुलांमधून. दुसऱ्या रांगेतल्या मुली उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. कोपर मारणारा मुलगाही वाजवत होता. हेडमास्तरांनी आभार मानायला तोंड उघडलं आणि मिटलं; कोणाला ऐकू जाणार नव्हतंच.

बाहेर आल्यावर सरांनी मला थांबवलं. मला वाटलं, त्या शब्दाबद्दल बोलतील. ते म्हणाले, "तुम्ही त्याचं बोलणं नरम केलं न्हाई, लई चांगलं केलं. नरम केलं असतं, तर मी उत्तर कशाला दिलं असतं?"

साहेब दुसऱ्या दिवशी खरोखरच परत आले. सरांच्या ओसरीवर बसून त्यांनी दिवसभर प्रश्न विचारले, मी मध्ये बसून दोन्हीकडची भाषा वाहत राहिले. जुबेदाभाभींनी त्यांना वांग्याचं सालन आणि ज्वारीची भाकरी वाढली. साहेबांना भाकरी मोडता येईना, तेव्हा सरांनी त्यांना एका हातानं कशी मोडायची ते शिकवलं. त्या ओसरीच्या कडेला मोहल्ल्यातली माणसं एकेक करून येऊन उभी राहत होती. संध्याकाळपर्यंत त्यातली बरीच आत येऊन बसली. भाभींचा चहा संपला, शेजारच्या घरून दूध आलं. किती तरी वर्षांनी त्या घरून काही आलं होतं, असं भाभी मला आत चुलीपाशी म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसून पुन्हा आधण ठेवलं.

त्या वर्षी सतरा सप्टेंबरला दादाराव पाटलांनी झेंड्याची दोरी हातात घेतली नाही. ते मागच्या रांगेपर्यंत चालत गेले आणि सरांच्या दंडाला धरून त्यांना पुढे घेऊन आले. सर "अरे दादाराव, न्हाई, ऐक तर" म्हणत होते. मैदान भरलेलं होतं. एका बाजूला पाटलांच्या गल्लीतले लोक, एका बाजूला मोहल्ल्यातले, आमच्या बौद्ध वस्तीतलेही. मुलींच्या रांगेशेजारी बुरखा मागे सारून जुबेदाभाभी उभ्या होत्या. सरांनी दोरी ओढली. गाठ पहिल्याच झटक्याला सुटली, झेंडा उलगडला आणि राष्ट्रगीत सुरू झालं. मी आजवर पुष्कळ झेंडावंदनं पाहिली, पण राष्ट्रगीत एवढ्या मोठ्या आवाजात म्हटलेलं पुन्हा ऐकलं नाही. भाषण करा म्हणून सगळ्यांनी आग्रह धरला. सर म्हणाले, "आठवीचा तास हाय," आणि कोट झटकून चालू लागले.

मीही त्यांच्या मागोमाग गेले, कारण शेजारचा वर्ग माझा होता. मध्ये नुसती लाकडी फळ्यांची भिंत. पलीकडचं सगळं ऐकू येई. धडा सुरू व्हायच्या आधीच एका मुलीनं विचारलं, "सर, बंदूक चालवताना तुम्हाला भ्या वाटलं का?"

माझ्या वर्गानंही कान टवकारले.

"लई वाटलं बेटी," सरांचा आवाज आला. "आणि ज्याला वाटत न्हाई, त्याच्या हातात बंदूक कधीच देऊ नये. चला, पुस्तकं उघडा."