वाक्यात लपवलेले चुलतसासरे

माझ्या सासऱ्यांचं मंगल कार्यालय ऐन लग्नसराईत ओस पडलं, आणि त्यासाठी मी बरीच मेहनत घेतली होती.

मी भिंगारला कॉम्प्युटरचा क्लास चालवतो. त्यामुळे कोपरगावला सासऱ्यांनी कार्यालय बांधल्यावर त्याची वेबसाइट जावयानेच करायची, हे मला न विचारता ठरलं. (माझं लग्नही साधारण असंच ठरलं होतं.) अडचण एकच होती. रस्त्याच्या पलीकडे सासऱ्यांच्या धाकट्या भावाचंही कार्यालय आहे! कोण कोणाच्या समोर बांधायला आला, यावरून दोघांचं बोलणं बंद.

पहिला नमुना पाहून सासरे दचकलेच.

“जावईबापू, हे निळं काय? खाली रेघ बी! मास्तरनं चूक काढल्यावानी दिसतंय!”

“मामा, ती लिंक आहे. दाबली की दुसरं पान उघडतं.”

“उघडू द्या की. पन निळं नगं!”

मी सगळ्या लिंका मजकुरासारख्या काळ्या केल्या आणि खालच्या रेघा उडवल्या. तेवढ्यात सासूबाईंनी स्वयंपाकघरात बोलावलं. भाऊ बोलत नसले, तरी मागच्या दाराने जावा-जावांची भाजीची वाटी चालूच होती.

“धाकल्या भावजींच्या कार्यालयाची बी लिंक घाला कुठंतरी. जाऊबाईला शब्द दिलाय मी. पन ह्यांना दिसाया नगं!”

“मामी, देवालासुद्धा दिसणार नाही!” मी छाती फुगवून म्हणालो.

सासऱ्यांनी स्वतः सांगितलेलं एक वाक्य प्रत्येक पानावर होतं: ‘कोपरगावातलं सगळ्यात प्रशस्त मंगल कार्यालय.’ त्याच वाक्यात मी चुलतसासऱ्यांची लिंक दडवली. काळ्यात काळं! सासऱ्यांनी चष्मा पुसून सगळं वाचलं आणि ‘लई झ्याक’ म्हणाले.

लग्नसराई लागली. समोर बँड, टेम्पो, आचाऱ्यांची कढई. आमच्याकडे सतरंज्यांवर मांजर. एके दिवशी मी तिथेच असताना अकोल्याकडचे एका नवरीचे वडील चुकून आमच्या दारात आले. सासरे नारळ घेऊन धावले.

“या, या! हेच सगळ्यात प्रशस्त!”

“न्हाई ओ, आमचं समोरचं ठरलं. तुमचंच वाचत हुतो, बोट लागलं अन् समोरचं उघडलं. त्यांनाच फोन केला.”

सासऱ्यांनी माझा मोबाईल हिसकावून स्वतःच्या वाक्यावर बोट ठेवलं. पडद्यावर सख्खा भाऊ हात जोडून उभा! सासरे नारळासकट नवरदेवाच्या खुर्चीत बसले.

“गूगलात टाका माझं वाक्य!” ते कसेबसे म्हणाले.

टाकलं. पहिलं नाव धाकट्या भावाचं! कितीही खाली गेलो तरी आमचं सापडेना.

“मामा, गूगलला रंग दिसत नाही,” मी सांगितलं. “वाक्य ज्याच्याकडे नेतं, त्याचंच ते वर्णन, असं तो धरतो. आणि लिंक लपवली की फसवणूक समजून आपल्यालाच मागे ढकलतो.”

“म्हंजी मी पानापानावर सांगतोय, माझा भाऊ सगळ्यात भारी हाय म्हनून?”

“व्हय मामा.” (भीतीने मीही त्यांच्यासारखा बोलू लागलो.)

“कोनी घातली ही लिंक?”

मी मागे उभ्या असलेल्या सासूबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, “मला बाई कॉम्प्युटरातलं काय कळतंय!”

मी माझी पिशवी शोधू लागलो, आणि दारात चुलतसासरे उभे! हातात पेढे, डोळ्यांत पाणी.

“दादा, लेकानं दाखवलं मला. तुज्या जाहिरातीत तू मला सगळ्यात प्रशस्त म्हनलास! अन् मी येडा, तुज्या दारावरनं तोंड फिरवून जात हुतो. एकाच मुहूर्ताला दोन वऱ्हाडं झाल्यात माझ्याकडं. हे अकोल्याचं तू घे. त्यांना मी सांगतो.”

सासऱ्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा पेढ्यांकडे पाहिलं.

“आरं, मग!” ते शेवटी म्हणाले. “धाकला हायेस तू माझा!”

आणि त्यांनी त्याला नारळासकट मिठी मारली. मलाही रडू आलं, मुख्यतः सुटकेचं.

मी हळूच विचारलं, “मामा, लिंक काढून टाकू?”

“काढायची न्हाई! वेगळ्या ओळीत, त्याच्या नावानं घाला. अन् निळी करा, चांगली रेघ मारून!”

आता दोघं भाऊ रोज संध्याकाळी एकत्र बसतात. एवढ्या वर्षांनी बोलायला लागले, तरी विषय एकच असतो: जावयाला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही, आणि बिचारा क्लास कसा चालवत असेल!