जिजाबाईंची थंड खोली

नागपुरातल्या जरीपटका वस्तीतल्या जिजाबाईंना कुणी हट्टी म्हटलं तर त्या रागवत नसत, उलट खूश होत. १९८४च्या उन्हाळ्यात त्यांनी असाच एक हट्ट धरला होता. लेकीचं, प्रेमिलाचं, पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं. पण विहीण रुखमाबाई चिखलदऱ्याच्या, थंड हवेच्या. त्यांचा निरोप आला, "नागपूरच्या उन्हात पोरीले भाजून काढता का? मी तिले घेऊन येते. खोली पाहते. पटली तर ठेवते, नाही तर संगंच वापस नेते."

जिजाबाईंचे यजमान मनोहरराव खापरखेड्याच्या वीजकेंद्रातून निवृत्त झालेले. त्यांनी कुठल्याशा कचेरीच्या लिलावातून खिडकीत बसवायचा जुना एसी उचलून आणला. आता नागपूरकराला थंडावा म्हणजे कूलर, आणि कूलर लावला की समोरचं दार उघडं हवं, हे आमच्या हाडीमाशी भिनलेलं. मनोहररावांनी दार सताड उघडलं, एसीच्या मदतीला शेजारी कूलरही लावला आणि एसीचं बटण शेवटच्या आकड्यापर्यंत पिळलं. थोड्याच वेळात भिंतींना ओल आली, एसीच्या जाळीमागे बर्फ साचला आणि वारा यायचा थांबला.

"भंगार आणलं वं मी," मनोहरराव म्हणाले. जिजाबाईंना रडूच कोसळलं. लेक दारातून परत जाणार, एवढंच त्यांना दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी धुळीचं वादळ सुटलं. जिजाबाईंनी दारंखिडक्या घट्ट लावल्या. नळाला पाणी नव्हतं, म्हणून कूलर कोरडा पडलेला. बर्फ वितळलेला एसी तेवढा त्यांनी सुरू केला, आणि खोली अशी गारठली की चादर ओढून घ्यावी लागली. त्यांनी बटण मागे फिरवलं. आतली घरघर थांबली, नुसता पंखा फिरत राहिला. गेलं बिचारं, असं त्यांना वाटलं. पण खोली जराशी तापली आणि घरघर आपसूक सुरू झाली. मग काय, बाई खुर्ची टाकून तिथंच बसल्या. बटण थोडं पुढे, थोडं मागे, असं त्यांनी संध्याकाळपर्यंत चालवलं. स्वयंपाकाचं भानही राहिलं नाही.

"अवो, हे बटन किती जोरात चालाचं ते नाही सांगत," त्यांनी नवऱ्याला सांगितलं. "कुठं थांबाचं ते सांगते. शेवटपर्यंत पिळलं का त्याले थांबाले जागाच नाही रायत."

"अन् आपन त्याले उघड्या दारातून आख्खा जरीपटका थंड कराले लावून राहिलो होतो," मनोहरराव म्हणाले आणि पोट धरून हसले. जिजाबाईंनी बटणाच्या नेमक्या जागी कुंकवाचा ठिपका लावला. कूलरची रवानगी ओसरीवर झाली.

रुखमाबाई आल्या त्या ऐन दुपारी, बसमध्ये उकडून लाल झालेल्या. प्रेमिलाची पेटी त्यांनी मुद्दाम दाराशीच ठेवली. दोघी आत बसतात न बसतात तोच एसीची घरघर थांबली.

"घ्या, बंद पडलं," रुखमाबाई म्हणाल्या. प्रेमिलाचा चेहरा उतरला. मनोहररावांचा हात बटणाकडे निघाला होता, पण बायकोचे डोळे पाहून तो अर्ध्यावरून परत फिरला.

"बंद नाही पडलं, विहीनबाई. पुरं झालं म्हनून थांबलं. तुमी चहा घ्या."

चहा संपत आला तशी घरघर पुन्हा सुरू झाली. खोली होती तशीच गार. रुखमाबाई जरा पाठ टेकते म्हणाल्या आणि घोरू लागल्या. शेजारी प्रेमिलाही गाढ झोपली.

उन्हं उतरल्यावर रुखमाबाई उठल्या. झोपलेल्या सुनेकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग स्वतःच दाराशी गेल्या, पेटी उचलून आत आणली आणि उघडली.

"हिच्या साड्या कोनत्या कपाटात ठेवू?" त्यांनी विचारलं.

जिजाबाईंनी कपाट दाखवलं. डोळे भरून आले होते, पण मान ताठ होती.